मृगाच्या चौकोनात किती तारे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमचे गाव अंबाजोगाई तालुक्यात, किल्लारीपासून बरेच दूर. आमच्याकडे उतरंडीची मडकी फुटली, दोन-चार भिंतींना तडे गेले, एवढ्यावरच निभावले. पण त्यानंतर कितीतरी दिवस गावात कोणी माळवदाखाली झोपायला तयार नव्हते. सगळे गाव अंगणात, खळ्यात, देवळापुढच्या मोकळ्या जागेत अंथरुणे टाकू लागले. पंधरा दिवसांनी सर्वपित्री अमावास्या आली. त्या रात्री आजीने मला पूर्वेकडे नुकताच वर आलेला कृत्तिकांचा झुपका दाखवला आणि विचारले, "किती हायेत सांग बरं?"

मी म्हणालो, "सहा."

"नीट बघ. मोजायला काय पैसे पडतेत व्हय?"

मी पुन्हा पाहिले. सात झाल्या. थोड्या वेळाने नजर किंचित बाजूला वळवली, तेव्हा आठवी चमकून गेली. आजीला मात्र त्या वयात नुसता धुरकट ठिपका दिसत होता. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

आज त्याच अंगणात उभे राहिले, तर अमावास्येलाही मला सहा कृत्तिका मोजताना प्रयास पडतात. मग आमच्या गावचे आकाश बदलले असे म्हणता येईल का? थांबा. इतक्या घाईने निष्कर्ष काढणारा विद्यार्थी मला प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत भेटला, तर मी त्याचे गुण कापतो. बारा वर्षांच्या मुलाची आठवण आणि चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाचे डोळे यांची वजाबाकी करून काही सिद्ध होत नाही. तरीही प्रश्न खरा आहे. रात्रीचे आकाश वर्षानुवर्षे उजळत चालले आहे काय, आणि चालले असेल तर किती, हे मोजायचे कसे?

कृत्तिकांपासूनच सुरुवात करू. ताऱ्याची तेजस्विता 'प्रत' या मापाने सांगतात. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक. त्यामुळे एका प्रतीला सुमारे अडीच पट. कृत्तिकांमधली सर्वांत ठळक तारका २.९ प्रतीची आहे आणि सहावी ४.३ प्रतीची. सातवी मात्र एकदम ५.१ च्या आसपास. म्हणजे सहावी आणि सातवी यांच्यामध्ये मोठी पायरी आहे. तुम्हाला सहाच दिसल्या, तर तुमच्या आकाशाची मर्यादा साधारण ४.३ आणि ५.१ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. सात-आठ दिसल्या, तर ती ५ च्या पलीकडे आहे. आपल्या पुराणांत कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या कृत्तिका सहा, आणि तैत्तिरीय ब्राह्मणात मात्र कृत्तिकांची नावे सात! दोन्ही संख्या इतक्या टिकून राहिल्या याचे मला नेहमी नवल वाटते. त्या पायरीशी याचा काही संबंध असावा असा आपला माझा तर्क.

पण कृत्तिकांच्या मोजपट्टीवर खुणा फार थोड्या. त्याहून चांगली मोजपट्टी मृग नक्षत्रात आहे. त्याचे चार कोपऱ्यांचे तारे आणि मधले तिकांडे आपल्या खेड्यांतल्या शेतकऱ्याला घड्याळासारखे पाठ असते. ईशान्येच्या कोपऱ्यातला तांबूस तारा काक्षी, म्हणजे बेटेलज्यूज. त्याच्या समोरचा निळसर पांढरा तारा राजन्य, म्हणजे रायगेल. चार कोपऱ्यांचे चार तारे सोडून द्यायचे, तिकांड्याचे तीन धरायचे आणि चौकोनाच्या आत एकूण किती तारे दिसतात ते मोजायचे. इंग्लंडमध्ये हजारो लोक हिवाळ्यात असेच मोजतात. दहा किंवा त्याहून कमी भरले, तर आकाश दिव्यांनी फारच बिघडले आहे असे ते समजतात. तिसाहून अधिक भरले, तर खरेखुरे काळे आकाश.

माझ्याकडे एक जुनी वही आहे. मी एम.एस्सी.ला असताना सुट्टीत गावी आलो होतो, त्या वेळची. तीत १ फेब्रुवारी २००३ ही तारीख आहे. त्या दिवशी अमावास्या होती. रात्री नऊ वाजता मी आमच्या खळ्यात उभा राहून मृगाचा चौकोन मोजला. आकडा आहे २६. ही तारीख मी कधीच विसरणार नाही, कारण त्याच संध्याकाळी कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना फुटले आणि कल्पना चावला व तिचे सहा सहकारी गेल्याची बातमी ट्रान्झिस्टरवर आली होती. वडील म्हणाले, "आज कशाला मोजतोस?" मी तरीही गेलो. काहीतरी करायचे होते म्हणून गेलो, एवढेच.

२९ जानेवारी २०२५ रोजी, पुन्हा अमावास्येला, त्याच खळ्यात, रात्री नऊलाच मी तोच चौकोन मोजला. आकडा आला १५.

आता सांगा, अकरा तारे कुठे गेले?

पहिला संशयित मी स्वतः. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर व्यासाची होते. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाची जेमतेम ५ मिलिमीटरपर्यंत. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ४९ ला २५. डोळ्यात शिरणारा प्रकाश जवळजवळ निम्मा झाला! शिवाय वयाबरोबर डोळ्यातले भिंगही पिवळसर होते. दुर्बिणीचे तोंड निम्मे झाकून मग "तारे कमी झाले" अशी तक्रार करावी, तसे हे झाले. म्हणून त्या रात्री मी गावच्या हायस्कूलची पाच मुले बरोबर नेली होती. वय चौदा-पंधरा, चष्मा कोणालाच नाही. एकमेकांना न सांगता प्रत्येकाने आकडा लिहिला. मधला आकडा निघाला १८. म्हणजे माझ्या अकरांपैकी तीन तारे बहुधा आकाशाने नव्हे, माझ्या वयाने नेले. उरले आठ.

दुसरा संशयित धूळ. तोडणीच्या आणि रस्त्यांच्या कामाच्या दिवसांत हवा गढूळ असते. या बाबतीत दोन्ही रात्री बऱ्या होत्या. २००३ च्या वहीत "हवा स्वच्छ, वारा नाही" असे मी लिहिले आहे.

तिसरी गोष्ट मात्र मी लिहिलेली नाही, आणि तिथेच माझे बावीस वर्षांचे निरीक्षण लंगडे पडते. त्या रात्री गावात वीज होती की भारनियमन होते? त्या काळी आमच्याकडे संध्याकाळी वीज जाणे ही रोजचीच गोष्ट. बातमी ऐकली, म्हणजे वीज असणार, असे म्हणावे तर ट्रान्झिस्टर सेलवर चालणारा. वडिलांना विचारले, त्यांना आठवत नाही. आजी तर आता नाही. एक शब्द लिहायचा राहिला, आणि हरवलेल्या आठ ताऱ्यांचा हिशेब कायमचा अर्धवट राहिला. विद्यार्थिमित्रहो, प्रात्यक्षिकाच्या वहीत 'परिस्थिती' नावाचा रकाना कशासाठी असतो, असे कोणी विचारले की मी ही हकिगत सांगतो.

डोळ्यांवर भरवसा नको असेल, तर उपकरण आहे. खिशात मावेल एवढी डबी. तोंड आकाशाकडे करून कळ दाबली की आकडा येतो. हा आकडा म्हणजे आकाशाच्या एका चौरस विकलेतून किती प्रतीच्या ताऱ्याइतका उजेड येतो तो. अंशाचा ३,६००वा भाग म्हणजे एक विकला. जेथे माणसाचा एकही दिवा नाही, तेथे अमावास्येला हा आकडा २२ च्या जवळ असतो. मोठ्या शहरात तो १७-१८ पर्यंत खाली येतो. २२ आणि १८ यांत चारच प्रतींचा फरक दिसतो खरा, पण अडीचला चार वेळा गुणून पाहा, जवळजवळ चाळीस पट! २२ च्या आकाशात साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, १८ च्या आकाशात चौथ्या प्रतीपर्यंतचेच. साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे सगळ्या खगोलावर मिळून सुमारे नऊ हजार आहेत, चौथ्या प्रतीपर्यंतचे सुमारे पाचशे. यातले निम्मे एका वेळी क्षितिजावर.

उपग्रहांनी तर हे काम आपल्या आधीच सुरू केले आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हवामान-उपग्रहांनी टिपलेल्या, रात्रीच्या पृथ्वीच्या चित्रांचा अंकीय संग्रह १९९२ पासूनचा आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये सोडलेल्या 'सुओमी' उपग्रहावर त्याहून पुष्कळ सूक्ष्म उपकरण बसवले गेले. म्हणजे बीड, परळी, माजलगाव रात्री कसे दिसत होते याची वरून घेतलेली नोंद तीस वर्षांची आहे. खालून घेतलेली नोंद म्हणजे माझ्या वहीतले दोन आकडे!

आणि गंमत अशी, की वरचे आणि खालचे जुळत नाही. उपग्रहांच्या मोजणीप्रमाणे २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरचे उजळलेले क्षेत्र वर्षाला सुमारे २.२ टक्क्यांनी वाढले. पण 'ग्लोब ॲट नाइट' या उपक्रमात जगभरच्या सामान्य लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून नोंदी केल्या. २०११ ते २०२२ या काळातल्या अशा ५१,३५१ नोंदींचा अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातून निघाले, की ताऱ्यांवर पडदा टाकणारा आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्के वाढतो आहे. चक्रवाढ व्याजाचे गणित तुम्हाला येते. ७२ ला ९.६ ने भागा. साडेसात वर्षांत दुप्पट. या अभ्यासकांनी दिलेले उदाहरण असे: ज्या ठिकाणी आज २५० तारे दिसतात तेथे मूल जन्मले, तर त्याच्या अठराव्या वाढदिवसाला तेथे शंभरच दिसतील.

एवढी तफावत का? उपग्रहाचे उपकरण ५०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या प्रकाशाला, म्हणजे निळ्याला, आंधळे आहे. आणि नेमक्या याच वर्षांत रस्त्यांवरचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. आपल्या देशात २०१५ च्या जानेवारीत सरकारी योजना सुरू झाली आणि दिवे झपाट्याने बदलले. पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळा दिवा असतो, सुमारे ४५० नॅनोमीटरचा. त्यावरच्या लेपामुळे त्यातला काही प्रकाश पिवळा होतो. सोडियमचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा. हवेच्या रेणूंकडून होणारे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. दिवसा आकाश निळे दिसते ते याच नियमाने. ५८९ ला ४५० ने भागून चौथा घात करा. उत्तर येते २.९. म्हणजे निळा भाग सोडियमच्या प्रकाशापेक्षा जवळजवळ तिप्पट विखुरतो. सगळा एलईडी निळा नसतो, म्हणून दिव्याच्या एकूण प्रकाशाला हा तिपटीचा हिशेब लागू नाही. पण रोख कळतो. इटलीतल्या मिलान शहराने असे दिवे बदलले, तेव्हा उपग्रहाला ते शहर मंदावल्यासारखे भासले. खाली रस्त्यावर मात्र तसे काही नव्हते.

दुसरे कारण दिशेचे. जाहिरातीचे फलक, दुकानांचे दर्शनी भाग, उघड्या खिडक्या प्रकाश आडवा फेकतात. आडवा प्रकाश हवेतून लांबचा रस्ता कापतो, वाटेत विखुरतो आणि आपल्या डोळ्यांत येतो. वरून सरळ खाली पाहणाऱ्या उपग्रहाला तो फारसा दिसतच नाही. शिवाय हा उपग्रह येतो रात्री दीडच्या सुमारास, आणि तुम्ही तारे पाहता आठ-नऊला.

त्या ५१ हजार नोंदींत एक उणीव आहे. त्यातल्या बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या आहेत. जिथे दिवे सर्वांत वेगाने वाढत आहेत, त्या आपल्यासारख्या देशांतल्या नोंदी फारच तोकड्या. तेव्हा ९.६ हा आकडा बीडला लावू नका. बीडचा आकडा बीडच्या माणसांनीच काढायला हवा.

आकाश उजळते ही गोष्ट खगोलशास्त्रज्ञांना नवी नाही. आपला जिल्हा निजामच्या राज्यात होता, त्या काळी, १९०१ मध्ये, हैदराबादला निजामिया वेधशाळा निघाली. आकाशाच्या आंतरराष्ट्रीय नकाशासाठी तिने लाखो ताऱ्यांची स्थाने मोजली. पुढे शहर वाढले, आणि उस्मानिया विद्यापीठाला नव्या ४८ इंची दुर्बिणीसाठी शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटर दूर जपाळ-रंगापूरला जावे लागले. पुण्याच्या आयुकानेही आपली दोन मीटरची दुर्बीण पुण्यात उभारली नाही. ती गिरवलीच्या डोंगरावर आहे. वेधशाळेला पळून जाता येते. गावाला येत नाही.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. काळ्या आकाशाचे कौतुक करताना पुष्कळ शहरी मंडळी अंधाराचेच कौतुक करू लागतात. त्यांनी आमच्याकडे यावे. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. शेतकरी हातात बॅटरी घेऊन दारे धरायला जातो, आणि पायाखाली साप आहे की नाही हे त्याला दिसावे लागते. ज्या वस्तीवर खांब नाही, तेथल्या बायकांना दिव्याचे महत्त्व कोणी सांगावे लागत नाही. उजेड हवाच. प्रश्न एवढाच, की तो जमिनीवर पडतो की ढगांवर. चौकातला हायमास्ट दिवा सपाट खाली तोंड करून न बसवता तिरका बसवला, की त्याचा काही प्रकाश थेट वर जातो. त्याचे बिल ग्रामपंचायत भरते, आणि सापही दिसत नाही.

हे जमते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भारतातले हे पहिले, आशियातले पाचवे. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली प्रकाश टाकणारे बसवले. गावे अंधारात गेली नाहीत.

आता तुमच्या कामाचे. जानेवारीची अखेर ते मार्चची सुरुवात या दिवसांत रात्री आठ-नऊच्या सुमारास मृग दक्षिणेकडे उंच असतो. अमावास्येच्या मागचे-पुढचे तीन-चार दिवस निवडा. दिव्यांपासून आडोसा मिळेल अशी जागा धरा आणि ती बदलू नका. दगडावर खूण करून ठेवली तर उत्तम. वीस मिनिटे अंधारात नुसते बसा. मोबाइलकडे एकदा पाहिले की वीस मिनिटे पुन्हा पहिल्यापासून! लिहिण्यासाठी बॅटरीला पतंगाचा लाल कागद लावा. मंद तारा नजर किंचित बाजूला ठेवल्यावर दिसतो, कारण अंधारात काम करणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसतात, कडेला असतात. (आठवी कृत्तिका मला तशीच दिसली होती.) तीनदा मोजा, मधला आकडा घ्या. वहीत तारीख, वेळ, जागा, तुमचे वय, चष्मा, ढग-धूळ, आणि वीज होती की नव्हती, हे सगळे लिहा.

शिक्षकांना एक सूचना. एका मुलाच्या आकड्यात तीन-चार ताऱ्यांची चूक सहज असते. नऊ मुलांनी स्वतंत्रपणे मोजले, तर सरासरीतली चूक साधारण एक-तृतीयांशावर येते, म्हणजे एक-दीड ताऱ्यावर. वर्षाला एकच बिंदू मिळाला तरी पाच वर्षांत आलेख काढता येतो. हुशार मुलाला अधिक तारे दिसत नाहीत, हेही वर्गात आधीच सांगून टाकावे. नाहीतर आकडे फुगतात.

आमच्याकडे या कामात एक वेगळीच अडचण आहे. मृग दिसण्याचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आई-वडिलांबरोबर जातात. २०२५ च्या त्या अमावास्येला माझ्या पाच मुलांत खरे तर सहावी एक मुलगी असायची, नववीतली. ती सांगली जिल्ह्यात फडावर होती. मी तिला रकाने आखलेला कागद आधीच देऊन ठेवला होता, पण तिच्याकडून काही अपेक्षा केली नव्हती. दोन दिवसांनी तिच्या वडिलांच्या फोनवरून तिचा फोन आला.

"सर, एकोणीस. तीनदा मोजले. कारखान्याच्या बाजूला आकाश पिवळं आहे, म्हणून कोपीच्या मागं उभी राहिले."

"आणि वीज?"

"तेही लिहिलंय. कोपीत नाही, कारखान्यात आहे."

तिचा कागद माझ्या वहीत चिकटवलेला आहे. पुढच्या वर्षी तिने त्याच जागेवरून मोजावे, असे मी तिला म्हणालो. ती म्हणाली, टोळी त्याच कारखान्यावर जाईल की नाही, ते मुकादम दसऱ्याला सांगेल.